वायरचा की बिनवायरचा

१२ जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले आणि उत्तर आज लिहितोय, म्हणून आधी कान पकडतो. तू वसतिगृहात होतीस तेव्हा दर रविवारी पत्र टाकायचो. आता तू नोकरीला लागलीस आणि मी आळशावलो. फोन आहे, पण फोनवर आपलं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे जात नाही, आणि त्यापुढचं सगळं तुझी मामी माझ्या हातातून फोन काढून घेऊन बोलते.

तू विचारलंस, माउस कसा चाललाय. झकास चाललाय! भाचीने पहिल्या पगारातून मामाला उंदीर दिला, हे आमच्या पॅटर्नखोलीत सगळ्यांना निदान तीनदा सांगून झालंय. वायर नाही, कटकट नाही, टेबलावरचे कागद ओढले जात नाहीत. तीस वर्षं कात्री चालवलेल्या हाताला इतकं सुख सोसवेना झालंय. मध्ये आमच्या बसायच्या जागा बदलल्या. माझं टेबल खिडकीशी सरकवलं आणि त्यावर नवा कॉम्प्युटर आला. तुझा माउस अर्थात माझ्याबरोबर आला.

जुना कॉम्प्युटर तिथेच राहिला, त्यावर आता साइजबाई बसतात. त्यांचं खरं नाव सगळे विसरलेत. आम्ही दवाखान्यात घालायचे पांढरे कोट शिवतो ना, तर मी एका मापाच्या कोटाची आकृती कॉम्प्युटरवर काढून देतो आणि त्यावरून बाकीची मापं त्या काढतात, अगदी बारक्यापासून ढगळ्यापर्यंत. म्हणून साइजबाई. कामाला चोख, बोलणं मोजूनमापून. पण हल्ली त्यांचं एकच तुणतुणं चालू आहे, की पडद्यावरचा बाण आपोआप पळतो. हात माउसवर नसला तरी पळतो म्हणे! दुरुस्तीवाला येऊन आतलं सगळं पुसून नवीन घालून गेला, तरी यांचा बाण पळतोच. आता विचारतायत, नवा माउस घ्यायचा तर वायरचा घेऊ की बिनवायरचा? या विषयातली जाणकार भाची खोलीत फक्त मला आहे, म्हणून अर्ज तुझ्याकडे. चार ओळी लिही, मी वाचून दाखवीन.

मामीचा गुडघा आहे तसाच आहे. तुला नीट जेवायला सांगितलंय.

तुझा मामा


२० जानेवारी

मामा,

नमस्कार. वाकून केलाय, पत्रात दिसत नाही म्हणून सांगते.

तुझं पत्र काउंटरखाली धरून वाचलं. दुकानात शिरताना आमचे फोन कपाटात जमा करून घेतात, पत्राबद्दल मात्र अजून कोणी नियम केलेला नाही. माझ्याकडे माउस, कीबोर्ड आणि केबलींचा काउंटर आहे, आणि ‘वायरचा घेऊ की बिनवायरचा’ हा प्रश्न मला दिवसातून चाळीस वेळा विचारतात. रात्री झोपेत कोणी विचारलं तरी उत्तर देईन.

तर बाईंना सांग, एका जागी बसून दिवसभर बारीक काम करायचं असेल तर वायरचा. सेल संपायची भीती नाही, आपण दोन मिनिटं थांबलो म्हणून तो झोपी जात नाही, आणि हात हलला की बाण हलतो, मागून येत नाही. बिनवायरचा कोणाला? ज्यांना तो पिशवीत घालून हिंडवायचा असतो त्यांना, नाहीतर ज्यांच्या टेबलावर पसारा आहे त्यांना. आता तू म्हणशील, मग मला बिनवायरचा का दिलास? एक तर वायरीने कागद ओढले जातात म्हणून तूच कुरकुरत होतास. आणि खरं सांगायचं तर त्याचा डबा फार छान होता. पहिल्या पगाराला साजेसा. आवडला नसता तर तू तोंडावर सांगितलं असतंस, हे मला ठाऊक आहे, म्हणून निर्धास्त आहे.

पण बाईंचा बाण पळतो त्याला माउस बदलून काही होईल असं वाटत नाही. असली गिऱ्हाइकं रोज येतात, मामा. नाचता येईना अंगण वाकडं. हात आपला लागतो, शिव्या माउसला. बाईंचं वय काय? हाताला कंप आहे का बघ, चष्म्याचा नंबर वाढलाय का बघ. माउस काही स्वतःच्या पायांनी चालत नसतो.

मामीला सांग, मी नीट जेवते. आमचा डबेवाला चांगला आहे, फक्त त्याला मीठ माहीत नाही.

भिंगरी


४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं पत्र चहाच्या वेळी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तू लिहिलेलं मी आवाजात चढ-उतार करून वाचतो हे तुला माहीत आहेच. अंगणाशी आलो तेव्हा कटिंगवाल्याला ठसका लागला, मालक दारात उभे होते तेही हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. साइजबाईंनी कप खाली ठेवला आणि उठून गेल्या. जरा मनाला लावून घेतात. दुसऱ्या दिवशी तुझ्या सल्ल्याप्रमाणे स्वतःच वायरचा कोरा माउस घेऊन आल्या.

आणि आता ऐक. नव्या माउसवरही बाण पळतो म्हणतात.

एवढ्यावर थांबलं असतं तर गंमत होती. पण मागच्या आठवड्यात मोठ्या मापाच्या कोटाची बाही चुकली. खांद्याशी जिथे बाही जोडली जाते तिथला एक बिंदू पडद्यावर दोन बोटं खाली सरकला होता. कोणाच्याच लक्षात आलं नाही, आकृती तशीच कटिंगला गेली आणि साडेतीनशे बाह्या कापून झाल्या. कापलेलं कापड काही परत जुळत नाही. मालक आवाज चढवणारे नाहीत, पण बाह्यांचा ढीग बघून त्यांनी बाईंना कॉम्प्युटरवरून उठवलं. आता त्या खाली धागे कापायच्या टेबलावर बसतात, नव्याने कामाला लागलेल्या मुलींमध्ये. ठेवायचं की नाही ते महिनाअखेरीस बघू, असं मालक म्हणालेत. बावीस वर्षांची नोकरी आहे त्यांची.

बाई भांडल्या नाहीत. ‘मी तो बिंदू हलवला नाही,’ एवढंच दोनदा म्हणाल्या. मालक मला म्हणाले, मास्तर, तुमच्या भाचीला एकदा विचारून बघा, कोऱ्या माउसवर असं होतं का. मी म्हटलं, तिने तर आधीच निकाल दिलाय. तरी विचारतो. होतं का?

तुझा मामा


११ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र वाचून मला कसंतरीच झालं. घाईने लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

कोरा वायरचा माउस लावूनही बाण पळतो, म्हणजे दोष बाईंच्या हातात नाही आणि माउसमध्येही नाही. हे मी पहिल्याच पत्रात विचारायला हवं होतं. आता मी सांगते तसं कर. त्यांच्या कॉम्प्युटरचा डबा भिंतीपासून ओढ आणि मागची बाजू बघ. तिथे नखाएवढा काळा तुकडा खोचलेला आहे का? बिनवायरच्या माउसबरोबर येतो तो, माउसचं म्हणणं ऐकायला. तो तिथे असेल, तर त्याचा जोडीदार माउस त्याच खोलीत कुठेतरी चालू आहे. कोणाच्या पिशवीत असेल, कपाटात असेल, कशाखाली दबलेला असेल. त्याला धक्का लागला की बाण बाईंच्या पडद्यावर पळतो. त्याचं बटण दाबलं जात असेल तर पडद्यावरची वस्तूसुद्धा ओढली जाते. बाई म्हणतात ते अक्षरशः खरं असू शकतं.

तुझा तर तुझ्याच नव्या कॉम्प्युटरला लावलेला आहे, म्हणजे तो नाही. दुसऱ्या कोणाचा आहे ते शोध. आजच बघ.

आणि मामा, ते अंगणाचं वाक्य मी काउंटरवर उभी राहून, स्वतःवर खूश होऊन लिहिलं होतं. तू ते सगळ्यांसमोर वाचशील हेही मला माहीत होतं. ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही तिच्या हाताला मी कंप लावून टाकला. मला लाज वाटते. त्यांना सांग की भाची चुकली.

भिंगरी


६ मार्च

मामा,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. फोनवर मामी म्हणते, मामा बरा आहे, कामात आहे. डब्यामागे बघितलंस का? महिनाअखेर होऊन गेली, बाईंचं काय ठरलं? एवढं तरी कळव.

भिंगरी


१० मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. कामाचा फार रेटा होता, त्यात घरी पाण्याची टाकी गळायला लागली, त्यात मामीचा गुडघा. मामीला आता जिना चढायला बंदी आहे आणि ती दिवसातून चारदा चढते. समोरच्या घरावर नवीन मजला चढतोय, दिवसभर ठोकाठोक. तुझ्या आईचं पत्र आलं होतं. तिला कळव, मसाल्याचा डबा पोचला.

तू सांगितलंस त्याप्रमाणे मागे बघितलं. तिथे काही नाही.

बाई अजून धागे कापतायत. मालकांनी मुदत मार्चअखेरपर्यंत वाढवली. त्या उठल्यापासून त्यांचा कॉम्प्युटर बंदच होता, हल्ली त्यावर कधी मी बसतो, कधी कटिंगवाला. आता बाण अगदी सरळ चालतो. खोलीत सगळे म्हणतात, बाई उठल्या आणि बाण शहाणा झाला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. तू या गोष्टीचा फार विचार करू नकोस. तुझी नोकरी सांभाळ, थंड पाणी पिऊ नकोस.

मामा


१५ मार्च

मामा,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पत्राच्या पहिल्या अर्ध्यात टाकी, गुडघा, ठोकाठोक आणि मसाला आहे. तू असं कधी लिहीत नाहीस.

बाण आपोआप शहाणा होत नाही. तो सुरळीत चालायला लागला याचा अर्थ कोणीतरी तो तुकडा काढून घेतला. तुकडा मागे असतो हे मी फक्त एका माणसाला सांगितलं होतं.

म्हणून सरळ विचारते. तू रोज कोणता माउस वापरतोस?

भिंगरी


२१ मार्च

भिंगरी,

वायरचा.

नवा कॉम्प्युटर आला त्याच्याबरोबर खोक्यातच एक वायरचा माउस आला होता. पहिल्या दिवसापासून मी तोच वापरतो. तुझा माझ्या हाताला कधी बसलाच नाही. जरा विचार करायला थांबलो की तो झोपी जायचा, आणि रेघ ओढताना बाण मागे रेंगाळतोय असं वाटायचं. नवा हातात आला तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, की तुझा तसाच उचलून टेबलाच्या खणात टाकला. खाली बंद करायची कळ असते, हे तू देताना सांगितलं होतंस. ती मी ओढली नाही. त्याचा तुकडा जुन्या कॉम्प्युटरमागे राहिला, त्याची तर आठवणही आली नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोलीत कोणी नव्हतं. मी गुडघे टेकून भिंतीच्या फटीत हात घातला. तुकडा बोटाला लागला. मग माझा खण उघडला. खडूचा डबा, टेप, पॅटर्नवर ठेवायची लोखंडी वजनं, आणि त्या सगळ्याखाली तुझा माउस, पोटाखालचा दिवा लागलेला. त्याच्या बटणावर एक वजन आडवं पडलेलं होतं. हा खण मी दिवसातून चाळीस-पन्नास वेळा ओढतो. खडूसाठी ओढतो, टेपसाठी ओढतो, आणि रागावलो असलो की आपटून बंद करतो. साइजबाई माझ्यापासून दोन टेबलं पलीकडे बसत होत्या. मी खडू घ्यायचो आणि त्यांचा बाण पळायचा. त्या सांगायच्या आणि मी हसायचो.

तुकडा काढून खिशात घातला. त्या वेळी मनात काय आलं तेही सांगतो, आता लपवून काय उपयोग. मनात आलं की गुपचूप काढला की बाण थांबेल, बाईंना परत जागेवर बसवतील, सगळं मिटेल, आणि कोणाला काही कळायला नको. झालं उलटंच. बाई जागेवर नसताना बाण थांबला. तोच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला. आधी लोकांना निदान शंका होती, माझ्या हुशारीने तीही मिटवली. कटिंगवाला माझ्यासमोर म्हणाला, ‘बघा मास्तर, तुमच्या भाचीचं खरं ठरलं.’ मी हो म्हणालो. माझ्या तोंडून हो गेलं, भिंगरी.

चहाच्या वेळी बाई वर येतात, कप घेतात आणि परत खाली जातात. तिसाव्या वर्षी शिकलेलं काम बावीस वर्षं केलेली बाई, सोळा-सतरा वर्षांच्या मुलींशेजारी बसून कोटांचे धागे कापते. कापलेले धागे त्यांच्या साडीला चिकटलेले असतात. मला ते बघवत नाही, म्हणून मी चहाच्या वेळी खिडकीबाहेर बघतो.

का सांगितलं नाही, याचं उत्तर शोधतोय. सगळ्यांना सांगायचं तर आधी तुला सांगावं लागलं असतं की मी जानेवारीत खोटं लिहिलं. तू म्हणालीस, आवडला नसता तर तोंडावर सांगितलं असतंस. ते वाचल्यावर खरं लिहिणं मी पुढे ढकलत गेलो. पण ही सबब आहे. खरी गोष्ट अशी की मी तिथला मास्तर आहे, सगळे मला विचारून कापतात, आणि हसणाऱ्यांत मी पहिला होतो. आता कोणत्या तोंडाने उभा राहू?

मला वायरचा माउस आवडतो. एवढं एकच वाक्य होतं, ते मला वेळेवर लिहिता आलं नाही.

तू आता माझ्याबद्दल काय विचार करत असशील ते मला कळतं. रागाव, पण उत्तर दे.

मामा


२६ मार्च

मामा,

मी रागावले आहे. दोन दिवस तुला काहीही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मार्च संपत आलाय, म्हणून लिहिते.

माउस मला आवडला म्हणून घेतला होता, तुझ्या हाताचा विचार करून घेतला नव्हता. दिवसभर लोकांना ‘बारीक कामाला वायरचा घ्या’ सांगते आणि स्वतःच्या मामाला डबा बघून बिनवायरचा देते. तू ‘हाताला बसत नाही’ म्हणाला असतास तर मला दहा मिनिटं वाईट वाटलं असतं. ती दहा मिनिटं वाचवायला तू दुसऱ्या बाईचे दोन महिने घेतलेस.

मी तिकडे येऊन सगळं सांगावं असं एकदा मनात आलं. येणार नाही. मी आले तर बोलेन मी आणि तू माझ्यामागे उभा राहशील.

सोबत एक बंद पाकीट आहे, ते बाईंसाठी. त्यात फक्त माझ्या वाट्याचं लिहिलंय. न बघता त्यांच्या हाताला आणि डोळ्यांना नावं ठेवली त्याची माफी मागितली आहे, आणि बाण कशामुळे पळतो ते समजावून लिहिलंय. कोणाचा माउस, ते लिहिलेलं नाही. ते त्या वाचून विचारतीलच. पाकीट तू स्वतःच्या हाताने दे, आणि महिना संपायच्या आत दे.

तू मला सायकल शिकवताना मी एका म्हाताऱ्याच्या अंगावर घातली होती, आठवतं? मी पळून आले होते आणि तू मला कानाला धरून परत नेलं होतंस. त्या दिवशी मला तुझा फार राग आला होता.

भिंगरी


५ एप्रिल

चि. भिंगरीस,

तीस तारखेला पाकीट दिलं. एकोणतीसलाच हातात आलं होतं, पण एक दिवस खिशात घालून हिंडलो, हेही तुला सांगून टाकतो.

चहाच्या वेळी, सगळे असताना दिलं. तुझं पहिलं पत्र जिथे उभा राहून वाचलं होतं तिथेच. बाईंनी उभ्याउभ्याच वाचलं. वाचायला फार वेळ लावला. मग पत्राची घडी घातली आणि मला विचारलं, ‘मास्तर, तो दुसरा माउस कोणाचा?’

मी म्हटलं, ‘माझा.’

मग मी सगळं सांगितलं, खण, वजन, तुकडा, आणि तो काढून खिशात घातला तेही. आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता. कटिंगवाला म्हणाला, मास्तर, जरा मोठ्याने. मग पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. मालकांना कोणीतरी बोलावून आणलं. ते मला एवढंच म्हणाले, ‘मास्तर, तुम्ही?’

बाई म्हणाल्या, होता तसा ठेवून दाखवा. मी तुकडा मागे लावला, माउस खणात टाकला, वर वजन ठेवलं. बाईंनी आपली खुर्ची पुसली आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या, हात मांडीवर घेऊन. ‘ओढा,’ म्हणाल्या. मी खण ओढला. बाण पडद्यावर पळाला आणि बाहीचा बिंदू घेऊन खाली गेला. ‘परत ओढा.’ मी परत ओढला. किती वेळा ओढायला लावला ते मोजलं नाही. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत, नुसत्या बघत होत्या.

मग म्हणाल्या, ‘मी डोळे तपासून आले. डोळे बरे निघाले म्हणून नसांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तेही म्हणाले, काही नाही. काही नाही म्हटल्यावर मला जास्त भीती वाटली. डोकंच फिरलं असणार म्हटलं.’

मालकांनी तिथल्या तिथे त्यांना जागेवर परत घेतलं आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. खोलीत यापुढे सगळे माउस वायरचेच, असंही ठरलं. माझं मास्तरपण काढून घेतलं नाही. काढलं असतं तर जरा बरं वाटलं असतं. आता सगळे कापण्याआधी मला विचारतात तेव्हा खाली बघून विचारतात.

संपलं असं वाटून मी माझ्या जागेकडे निघालो, तर बाई म्हणाल्या, ‘माझं एक काम करा. हे माझ्या घरी येऊन सांगा. माझ्या मुलीला.’

रविवारी गेलो. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत दोरीवर बाळाचे कपडे वाळत घातलेले. मुलगी पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन आईकडेच राहते. तिने बसा म्हटलं, मी बसलो नाही. उभ्यानेच तिसऱ्यांदा तीच गोष्ट सांगितली. प्रत्येक वेळी सोपी होत जाईल असं वाटलं होतं, तसं होत नाही. ती मध्ये एकदाच बोलली. ‘तुम्हाला कधी कळलं?’

‘फेब्रुवारीत,’ मी म्हटलं.

‘आता एप्रिल लागला,’ ती म्हणाली.

मग तिने सांगितलं तेव्हा कळलं, की बाह्या चुकल्या त्या दिवसापासून बाईंनी नातवाला उचललं नव्हतं. हात माझ्या ताब्यात नाहीत, माझ्याकडे देऊ नकोस, असं त्यांनीच मुलीला बजावलं होतं. त्या शेजारी बसून त्याला खुळखुळा वाजवून दाखवायच्या, पण हात लावायच्या नाहीत. हे खोलीत आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. आम्ही फक्त साडीला चिकटलेले धागे बघत होतो.

मुलीने बाळाला उचललं आणि आईपुढे धरलं. बाईंनी आधी पदराला हात पुसले, मग दोन्ही हात पुढे केले आणि त्याला घेतलं. हात अजिबात हलले नाहीत, भिंगरी. मी नीट बघितलं. पण बाळ त्यांना विसरलं होतं. त्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मोठ्याने भोकाड पसरलं. आपल्या आईकडे जायला अंग ताणायला लागलं. मुलगी घ्यायला पुढे झाली तर बाई म्हणाल्या, ‘रडू दे. ओळखेल हळूहळू. आता देणार नाही मी.’

मला तिथे उभं राहवेना. येतो म्हटलं. दाराशी बसून मी चपला घातल्या, जिना उतरलो, रस्त्यावर आलो, तरी वर त्याचं रडणं चालूच होतं.

तुझा मामा